सेक्रेटरीचं जेवण

मृत्यू प्रत्येक घरात कुठे ना कुठे वास करून असतो. आपल्याला त्याची नेमकी जागा ठाऊक नसते, एवढंच. परबबाईंच्या घरातली जागा मला ठाऊक होती. फ्रीझरचा कप्पा, मटारच्या पिशवीच्या डाव्या हाताला, आम्रखंडाचा डबा.

तो डबा मी पहिल्यांदा उघडला तो बर्फाच्या शोधात. आमच्याकडे पाहुणे आले होते, बर्फ संपला होता, म्हणून समोरचं दार वाजवलं. परबबाई म्हणाल्या, "आत जाऊन घे ना, मला काय विचारतोस?" मी फ्रीझर उघडला, वाटेत आलेला डबा बाजूला करायला गेलो आणि त्याचं झाकण हातात आलं. आत पांढरे उंदीर होते. प्रत्येक उंदीर स्वतंत्र पिशवीत, सगळ्यांच्या शेपट्या एकाच दिशेला, चांदीच्या चमच्यांचा सेट मांडतात तसे. मी तसाच उभा राहिलो. मागून आवाज आला, "मटारच्या मागे बघ. बर्फ मटारच्या मागे आहे."

पाहुण्यांना त्या दिवशी सरबत कोमट मिळालं.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. दुसऱ्या मजल्यावर दोनच घरं, त्यांचं आणि आमचं, दारं समोरासमोर. परबबाईंची सगळी नोकरी एका विमा कंपनीत मृत्यूचे दावे तपासण्यात गेली. माणसं किती तऱ्हांनी मरतात हे त्यांनी इतकं वाचलं होतं की मरणाचा विषय निघाला की त्यांच्या आवाजात जुन्या सहकाऱ्याबद्दल असावी तशी आपुलकी यायची. निवृत्त होताना ऑफिसनं त्यांना शाल दिली. ती त्यांनी कपाटात ठेवली आणि स्वतःबरोबर एकच शब्द घरी आणला. तो शब्द "पुरावा?"

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, गच्चीवर संध्याकाळी कोणीतरी खोकतं. "पुरावा?" माझी बायको म्हणाली, यांचं वजन उतरलंय. "पुरावा?" कोणी सांगितलं की अमुक बुवांच्या अंगाऱ्यानं मूळव्याध बरी झाली, तर त्या तोंडानं काही म्हणत नसत, नुसत्या भुवया वर करत, पण भुवयांचा अर्थ तोच असे. मला त्या नावानं कधी हाक मारत नसत. मी "शेजारी". "ए शेजारी, बल्ब बदलायचाय." मूळच्या कुडाळच्या. राग आला की मालवणीत जायच्या आणि माया दाटून आली तरी मालवणीतच. आवाज दोन्ही वेळा सारखाच चढलेला असल्यानं ऐकणाऱ्याला नक्की काय चाललंय ते चेहऱ्यावरून ठरवावं लागे.

त्यांचे यजमान गेले तेव्हा दहाव्याला मी बरोबर होतो. खाडीकडच्या घाटावर पिंड मांडले. कावळे समोरच्या भिंतीवर ओळीनं बसलेले, पण एकही खाली येईना. मग नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. गेलेल्याची कुठली इच्छा राहिली असेल ते ओळखायचं आणि ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा. मोठ्या दिरांनी हात जोडून सांगितलं, "कुडाळच्या घराचं छप्पर मी करून घेतो." कावळे बसून. कोणी म्हणालं, "निखिलच्या शिक्षणाचं सांगा." तेही सांगून झालं. परबबाई पदर खोचून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, पलीकडच्या लोकांनी वडे घातलेत त्यांना. पोटं भरलीत. इच्छा-बिच्छा काही नाही." शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याची चोच पिंडाला टेकवली. बाई माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "आमच्या खात्यात याला बनावट साक्षीदार म्हणायचे."

निखिल हा त्यांचा एकुलता मुलगा. उंच, गप्प, अंधेरीला एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत नोकरी. एके दिवशी तो लांबलचक काचेची पेटी घेऊन वर आला. पेटीत अजगर होता. आपल्याकडचा नव्हे, आफ्रिकेतला. बॉल पायथन म्हणतात. बिनविषारी, जाडसर, तपकिरी, हातभर. त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद केलेली होती आणि त्या नोंदीचा कागद बाईंनी स्वतः दोनदा वाचला. निखिलनं त्याचं नाव ठेवलं सेक्रेटरी. कारण विचारलं तर म्हणाला, "दिवसभर वेटोळं घालून पडलेला असतो, काम काही करत नाही, आणि जरा हात लावला की डोकं लपवतो."

आमच्या सोसायटीला खराखुरा सेक्रेटरी होता. करंदीकर नावाचे गृहस्थ. पाण्याची टाकी धुण्याची सूचनाही ते अशा भाषेत लिहीत की वाचणाऱ्याला आपण एखाद्या ऐतिहासिक क्षणाचे साक्षीदार आहोत असं वाटावं. सापाची बातमी पोचल्यावर फळ्यावर सूचना लागली: "सोसायटीच्या आवारात भक्ष्य-भक्षक संबंध प्रस्थापित करण्यास सक्त मनाई आहे." मागोमाग सभा झाली. करंदीकर उभे राहून म्हणाले, "आपण एक सुसंस्कृत समाज आहोत. या वास्तूत एका मुक्या जिवाला दुसऱ्या मुक्या जिवाच्या तोंडी दिलं जातं, ही गोष्ट माझ्या विवेकाला..."

"मीटररूममध्ये उंदरांसाठी गोंदाचे पुठ्ठे कोणी लावलेत?" परबबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"ते पेस्ट कंट्रोल झालं, बाई."

"परवा एक चिकटला होता. दुपारपासून ओरडत होता. माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. आमचा सेक्रेटरी हेच काम एका मिनिटात करतो."

"आमचा सेक्रेटरी म्हणजे?" करंदीकरांनी विचारलं.

"तुम्ही नाही हो. तो महिन्यातून दोनदाच तोंड उघडतो."

साप राहिला. पुठ्ठेही राहिले. पण गंमत अशी की सभेत मुलाची वकिली करणाऱ्या परबबाई घरी पोचल्या की त्याच मुलावर खटला चालवत. सेक्रेटरीच्या जेवणाचा वार रविवार, एक आड एक. निखिल दुकानातून खोक्यात जिवंत उंदीर घेऊन यायचा, आणि मग समोरच्या दारातून आम्हाला सगळं ऐकू यायचं.

"जिवंत कशाला? मेलेला दे."

"आई, हे नॅचरल आहे."

"काय नॅचरल? काचेची पेटी? खाली विजेवरची गरम चटई, वर प्लॅस्टिकचं झाड. जंगलात उंदराला पळता येतं रे. इथे कुठे पळेल, डोंबिवलीला?"

"आणि तू खेकडे आणतेस ते? जिवंतपणी नांग्या मोडतेस ना सिंकमध्ये? तेव्हा ते काय हसत असतात?"

"खेकडा माझ्याकडे बघत नाही."

"बघतो. डोळे बाहेर असतात त्याचे. तूच त्याच्याकडे बघत नाहीस."

मग बाई आमच्याकडे आल्या, पाणी मागितलं, प्यायल्या, आणि म्हणाल्या, "कारट्यानं रविवार नासवला." खेकडे साफ करता करता त्या माझ्याशी देशाच्या अंदाजपत्रकावर बोललेल्या मला आठवतात. त्या रविवारनंतर सिंकमधून नांग्या मोडल्याचा आवाज आला नाही.

पुढे एकदा उंदरानंच निकाल लावला. सेक्रेटरी सुस्त होता आणि उंदीर घाबरलेला. त्यानं सेक्रेटरीला डोळ्याखाली कडकडून चावा घेतला. जखम बरी व्हायला बरेच दिवस लागले. निखिल हादरला. मग माय-लेकात तह झाला आणि तो मला दारात उभं करून ऐकवण्यात आला, कारण बाईंना साक्षीदार हवा होता. निखिल यापुढे मेलेले, गोठवलेले उंदीरच घालणार. बाई यापुढे घरात जिवंत खेकडा आणणार नाहीत. निखिलनं भांडुपच्या मित्राकडून, तेजसकडून, गोठवलेले उंदीर आणले. बाईंनी आम्रखंडाचा डबा रिकामा करून दिला. उरलेलं आम्रखंड आम्हाला पोचतं झालं. येत्या रविवारी पहिला मेलेला उंदीर द्यायचा असं ठरलं.

तो रविवार यायच्या आत, अंधेरीहून घरी येताना, निखिल हायवेवर बाइकवरून पडला आणि गेला. ऑगस्ट होता. एकोणतीस वर्षांचा होता.

त्याच्या दहाव्याला त्याच घाटावर तीच भिंत आणि तसेच कावळे. गुरुजी पिंडापासून बाजूला सरकतात न सरकतात तोच कावळा उतरला. एक नव्हे, तीन. कोणाला हात जोडायलासुद्धा वेळ मिळाला नाही. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. थोरले दीर डोळे पुसत म्हणाले, "समाधानानं गेला पोर. मागे काय ठेवल्यान नाय." बाई खाडीकडे बघत होत्या.

परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "एकोणतीस वर्षांचा. काही राहिलं नाही म्हणतात. सगळं उरकून गेला म्हणतात. काय उरकलं त्यानं, शेजारी?"

मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

"तो साक्षीदार मला मान्य नाही," त्या म्हणाल्या.

ठरलेल्या रविवारी नाही, पण त्यानंतरच्या रविवारी त्यांनी पहिला उंदीर बशीत काढून वितळायला ठेवला. संध्याकाळी चिमट्यात धरून पेटीत सोडला. सेक्रेटरीनं जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि डोकं वेटोळ्यात घातलं. पुढच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्याही. दसरा गेला, दिवाळी गेली. सेक्रेटरी खाईना.

तेजस अधूनमधून यायचा. मोकळा मुलगा, स्वतःकडे असेच तीन साप पाळलेले. साप घेऊन जातो म्हणाला तर बाईंनी ऐकून घेतलं नाही. मग त्यानं युक्ती दाखवली. "काकू, नुसता ठेवायचा नाही. हलवायचा. त्याला जिवंत वाटला पाहिजे."

त्या युक्तीत बाई फार पटकन तरबेज झाल्या. शेपटीपाशी चिमटा धरून त्या मेलेल्या उंदराला काचेच्या कडेनं चालवत. तो चार पावलं चाले, थांबे, नाक वर करून हुंगे, दचके, मागे वळे. एखाद्या खऱ्या उंदरालाही इतकं चांगलं उंदीर होता आलं नसतं. मी एक-दोनदा पेटीचं झाकण धरायला गेलो होतो. उंदराकडे बघणं सोपं होतं. बाईंच्या चेहऱ्याकडे बघणं मी टाळत असे. त्याच सुमारास इस्त्रीवाल्याचा गठ्ठा चुकून आमच्याकडे आला. वर बाईंच्या दोन साड्या होत्या आणि खाली निखिलचे शर्ट, कॉलर कडक केलेले, घडी मोडायला तयार. मी गठ्ठा समोर नेऊन दिला. त्यांनी तो मोजून घेतला आणि शर्ट निखिलच्या कपाटात ठेवायला गेल्या.

निखिलच्या खोलीत संध्याकाळी दुसरा दिवा लागत नसे. पेटीतला लालसर बल्ब तेवढा असायचा. दार उघडं असलं की आमच्या उंबऱ्यातून दिसायचं: लाल भिंत, भिंतीवर बाईंची सावली, आणि सावलीच्या हातात हळूहळू चालणारी उंदराची सावली. बोलणंही ऐकू यायचं. "खा. बघ, पळतोय तो. पळाला बघ." एकदा मात्र त्या म्हणाल्या, "खा रे झिला."

मी तिथे उभा आहे हे त्यांच्या लक्षात आलं. झिल म्हणजे मुलगा, हे मला कळतं हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी वळून विचारलं, "काय हवंय?" मी म्हटलं, "पेपर." त्यांनी पेपर दिला. तो कालचा होता.

डिसेंबरात त्या बऱ्याच उतरल्या. एक दिवस जिन्यात गाठून म्हणाल्या, "त्याला माहीत आहे."

"कोणाला?"

"सेक्रेटरीला. निखिलचं काहीतरी राहिलंय. याला माहीत आहे, म्हणून खात नाही."

इथे मी एकच शब्द म्हणायला हवा होता. पण तो शब्द त्यांचा होता.

त्या आठवड्यात त्यांनी तह मोडला. स्वतः दुकानात जाऊन खोक्यात जिवंत उंदीर घेऊन आल्या. मला बोलावलं नव्हतं, पण खोक्यातली खुडबुड जिन्यापासून ऐकू येत होती, त्यामुळे मी आपोआप गेलो. बाईंनी उंदीर पेटीत सोडला आणि चिमटा सरसावून बसल्या. पुन्हा चावा घेतला तर उचलायचा म्हणून. उंदीर कोपऱ्यात गेला. तोंड धुतलं. मग सेक्रेटरीच्या पाठीवर चढला, पलीकडे उतरला, पाण्याच्या वाटीत डोकावला, परत पाठीवर चढला आणि तिथे बसून पुन्हा तोंड धुऊ लागला. सेक्रेटरी हलला नाही. बाईंनी तासभर वाट पाहिली आणि उंदीर उचलून बादलीत ठेवला, पोळीच्या तुकड्यासकट.

"मेलेलाही नको, जिवंतही नको," त्या म्हणाल्या. "म्हणजे भांडण उंदराचं नव्हतंच."

तेजस तो उंदीर भांडुपला घेऊन गेला.

जानेवारी संपत आला तेव्हा एका संध्याकाळी बाईंनी मला हाक मारली. "ए शेजारी, ये, झाकण धर." मी गेलो. आज चिमटा नव्हता. वितळलेला उंदीर त्यांनी उजव्या मुठीत धरला होता, डोकं तेवढं बाहेर. त्या पेटीसमोर पाटावर बसल्या. क्षणभर मला वाटलं, चिमटा सापडत नसावा. मग त्यांनी डावा हात उजव्या मुठीवर ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की हे हात जोडणं आहे.

"सांग," त्या म्हणाल्या, "काय राहिलंय?"

सेक्रेटरी वेटोळ्यात.

"तुझी बाइक मी भंगारात देत नाही. दुरुस्त करून तेजसला देते."

त्या थांबल्या. पेटीकडे पाहिलं. काही नाही.

"तुझ्या ऋताचे दोन फोन आले होते. मी घेतले नाहीत. घेते. जेवायला बोलावते."

काही नाही.

"थोरल्या काकांशी बोलत नाही मी. तुला आवडायचं नाही ते. बोलते."

मी झाकण धरून छताकडे बघत होतो. पंख्याच्या पात्यांवर धूळ होती. भिंतीवरच्या कावळ्यांनी खाल्लेल्या वड्यांचा ज्या बाई हिशेब सांगत होत्या, त्याच बाई आता एकेक कबुली देऊन थांबत होत्या, आणि प्रत्येक थांबण्यात मीही पेटीकडे बघत होतो, हे सांगायला हवं. देवाची पूजा सुरू करते, हे म्हणून झालं. ते बहुतेक नाइलाजानं, कारण निखिललाही देवाचं काही नव्हतं. वेळ बराच गेला. उंदीर त्यांच्या मुठीत तसाच.

मग त्या अगदी हळू, कोकणातल्या आवाजात म्हणाल्या, "बरां. शर्ट देवन टाकतंय."

सेक्रेटरीचं डोकं वेटोळ्यातून वर आलं. जीभ लवलवली. तो काचेच्या कडेनं हाताच्या दिशेनं सरकू लागला, इतक्या सावकाश की तो सरकतोय याची खात्री करायला मला मागच्या प्लॅस्टिकच्या झाडाची मदत घ्यावी लागली. बाईंनी हात पेटीत घातला आणि मूठ उघडली. पुढचं मला दिसलं नाही. एवढंच, की आधी उंदीर तळहातावर होता आणि मग तिथे सेक्रेटरीचं वेटोळं होतं. बाईंनी हात काढला नाही. त्यानं मेलेल्या उंदराला आवळून पुन्हा एकदा मारलं आणि गिळायला सुरुवात केली. शेपटी दिसेनाशी होईपर्यंत मी झाकण धरून होतो.

"शर्ट," बाई शेवटी म्हणाल्या. "शर्टांचं होतं."

शर्ट दुसऱ्या दिवशी गेले. इस्त्री करून.

पुढच्या खेपेला तेजस आला तेव्हा सगळी हकीकत ऐकून तो खूश झाला. "काकू, मुठीत धरला होतात ना? गरम झाला असणार! अजगराला अंधारात उष्णतेवरून भक्ष्य कळतं. फ्रीजमधून काढलेला थंडगार उंदीर म्हणजे त्याला दगड. कितीही नाचवा."

"पुरावा?" बाईंनी विचारलं. तो शब्द मी पाच महिन्यांनी ऐकत होतो.

तेजसनं माझ्या बायकोचा हेअर ड्रायर मागून घेतला, एक उंदीर गरम केला आणि दोन आठवड्यांपूर्वी जेवलेल्या सेक्रेटरीला दिला. सेक्रेटरीनं तो विनाअट खाल्ला. माझ्या बायकोनं ड्रायर परत घेण्यास नकार दिला.

एखाद्या लेखकानं ही गोष्ट इथे संपवली असती: विज्ञान जिंकलं, बाई शहाण्या झाल्या. बाईंनी ड्रायर ठेवून घेतला आणि कबुल्याही चालू ठेवल्या. एक आड एक रविवारी आधी ड्रायरचा आवाज, मग शांतता, मग बाईंचं पुटपुटणं. मी एकदा विचारलं, "दोन्ही कशाला, बाई? ड्रायर पुरेसा आहे ना?"

"विमा काढलाय म्हणून कोणी हेल्मेट घालायचं सोडतं का?" त्या फटकन म्हणाल्या. मग पाठ वळवून त्यांनी ड्रायर सुरू केला.

कबूल केलेलं त्या पाळत, ही त्यांची खात्यातली सवय. ऋता जेवायला आली, रडली, पुन्हा आली. थोरल्या दिरांना फोन गेला. मासळीबाजारात कोळणीला त्या सांगायच्या, "इथेच मोड," आणि पाठ करून उभ्या राहायच्या. कोळीण म्हणायची, "बाय, इतकी वर्सं जिते नेलंस, आता काय झालं?" बाई म्हणायच्या, "करार झालाय." बाइक भांडुपला गेली. सेक्रेटरीसमोर दिलेल्या शब्दापायी करंदीकरही चहाला येऊन गेले. पेटीसमोर उभे राहून सहजीवनावर चार वाक्यं बोलले. सेक्रेटरीनं डोकं लपवलं. बाई मला म्हणाल्या, "ओळखलं एकमेकांना."

अशी तीनेक वर्षं गेली. सेक्रेटरी लांबला, जाड झाला. बाईंचे गुडघे मात्र कामातून गेले. एका रविवारी त्या उंदीर गरम करून बसल्या आणि मला म्हणाल्या, "आज काय कबूल करू? सुचत नाही रे. सगळं झालं."

"गुडघ्याचं ऑपरेशन," मी म्हटलं. डॉक्टर वर्षभर मागे लागले होते.

"त्याला काय करायचंय माझ्या गुडघ्यांचं?" पण पाटावर बसता येत नव्हतं, त्या खुर्चीवर बसल्या होत्या, आणि खुर्चीतून पेटीपर्यंत हात पोचत नव्हता. त्यांनी माझ्याकडे रागानं पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि कबूल केलं. सेक्रेटरीनं खाल्लं.

ऑपरेशनला निघाल्या तेव्हा मी लिफ्टपर्यंत बॅग घेऊन गेलो. खाली ऋता गाडी घेऊन थांबली होती. बाई लिफ्टमध्ये शिरल्या, काठी टेकली, आणि जाळीचं दार मी ओढत असताना सूचना सुरू झाल्या. "रविवारी त्याला दे. ड्रायर मधल्या आकड्यावर. जास्त नको, कातडी फाटते. आणि काहीतरी कबूल कर, नुसता ठोंब्यासारखा उभा राहू नकोस."

"मी काय कबूल करू?"

"ते तुझं तू बघ. आणि खाल्लान की फोटो पाठव." लिफ्ट हलली. जाळीच्या चौकटींतून त्यांचा चेहरा खाली जात होता. "पुरावा लागेल."

ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी त्यांना एकाएकी श्वास लागला आणि त्या गेल्या. दिवसपाणी थोरल्या दिरांनी कुडाळला केलं. मला जाता आलं नाही. कावळ्याचं काय झालं ते मी विचारलं नाही.

किल्ली माझ्याकडे होती. रविवारी मी उंदीर वितळवला, ड्रायर मधल्या आकड्यावर ठेवला, चिमट्यात धरून पेटीत नेला. सेक्रेटरीनं खाल्लं नाही. पुढच्या वेळी मी तो जरा चालवूनही पाहिला. बाईंचा हात मला नव्हता. नाही खाल्लं. तिसऱ्या खेपेला पाहिलं तर त्याचे डोळे बदलले होते. काळेभोर असायचे, त्यांच्यावर निळसर पांढरी साय आली होती. तो माझ्याकडे बघत होता आणि बघत नव्हता. मी खोलीचं दार लावून घेतलं, समोर आमच्या घरात ऐकू जाऊ नये म्हणून.

"सांगा," मी म्हटलं, "काय राहिलंय?"

लाल उजेडात काहीच हललं नाही. मी म्हटलं, ऋताची विचारपूस ठेवीन. मी म्हटलं, मीटररूममधले पुठ्ठे काढायला लावीन. मी म्हटलं, तुम्हाला जिवंत उंदीर नको होता, मी कधी आणणार नाही. मग मी आणखीही काही म्हटलं. हातातला उंदीर थंड झाला. सेक्रेटरीनं त्या आंधळ्या डोळ्यांवर वेटोळं ओढून घेतलं.

सोमवारी मी तेजसला बोलावलं. त्यानं झाकण उघडून एकदा पाहिलं. "काका, हा कात टाकणार आहे. त्याआधी डोळे असे दुधाळ होतात. तेव्हा हे खात नाहीत."

"आणि तेव्हा? निखिल गेल्यावर?"

"तेव्हा उंदीर थंड होता. आणि थंडीच्या दिवसांत हे तसेही महिनोन्‌महिने खात नाहीत. हे थंडीतल्या उपासाचं काकूंना सांगितलं होतं की मी. दिवाळीतच."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माहीत आहे. शेजाऱ्याला सांगू नकोस."

आठवड्याभरात सेक्रेटरीनं कात टाकली आणि त्याच संध्याकाळी मेलेला उंदीर खाल्ला. मी फोटो काढला. तो हलला आहे. त्यात चिमटा तेवढा नीट दिसतो.